एकवाल्यांची रांग

२७ इस्फंद

आज सकाळी आमच्या रोटी भाजणाऱ्या हैबत शातेरला भट्टीसमोरून उचलून नेलं.

शातेरच्या हातातली लांब दांड्याची फळी अर्धी भट्टीत होती. तिच्यावरची कणीक तापलेल्या खड्यांवर नुकतीच पसरली होती. साध्या कपड्यातले तिघे आत आले. शातेर म्हणाला, "एवढी एक रोटी काढू द्या, जळेल." नाही काढू दिली. ती जळली. दिवसभर दुकानात तोच वास होता.

मी विक्रीच्या खिडकीवर बसतो. तिथून उडी मारून त्यांच्या अंगावर जाणार, तेवढ्यात नुसरत उस्तादांनी मागून माझा पट्टा धरला. उस्ताद कणीक मळतात. चाळीस वर्षं मळून त्यांच्या बोटांचे चिमटे झालेत.

"सोडा मला!"

"गप. गिऱ्हाईक उभं आहे."

गिऱ्हाईक! माणूस चोरून नेला आणि यांना गिऱ्हाईक दिसतं!

गुन्हा काय, तर भट्टी कामगारांची युनियन. आठवड्याला एक सुट्टी आणि भाजलं-पोळलं तर विमा, एवढंच मागते. सरकारची स्वतःची एक युनियन आहे, तिचा अध्यक्ष सरकारच नेमतं, म्हणून दुसरी नको. हैबत शातेर आमचा चिटणीस. आता तो कुठे आहे हेसुद्धा कुणी सांगत नाही.

मी कॉलेज सोडलं तेही अशाच गोष्टीवरून. वसतिगृहात आवाज उठवला म्हणून हमीपत्र पुढे केलं, सही कर म्हणाले. मी ते फाडून टेबलावर ठेवलं आणि बस पकडून गावी आलो. बाबा शाळेत इतिहास शिकवतात. तेव्हापासून ते माझ्याशी थेट बोलत नाहीत. आईला सांगतात, "तुझ्या चिरंजीवांना विचार, मीठ हवंय का." चिरंजीव समोरच बसलेले असतात.

संध्याकाळी पेगाह आली. शातेरची मुलगी. डोळे सुजलेले, पण मान ताठ. नेहमीसारखी एकवाल्यांच्या, म्हणजे एकच रोटी नेणाऱ्यांच्या, रांगेत उभी राहिली. त्यांच्या घरात चार माणसं. जास्तवाल्यांच्या रांगेत उभी राहिली तर एका खेपेत चार सांगाक रोट्या नेता येतील. पण ती एकवाल्यांच्या रांगेत येते, एक नेते, आणि संध्याकाळी पुन्हा येते. का येते? हे समजायला कॉलेज पुरं करावं लागत नाही.

"चांगली खरपूस द्या," ती म्हणाली. "उस्तादांना सांगा ना, आतून निवडून देतील."

रोज हेच म्हणते. मग उस्ताद हात पुसत बाहेर येतात आणि स्वतः रोटी देतात. म्हातारा नेमका तेव्हाच मधे कडमडतो.

१ फरवर्दीन

नवं वर्ष. शातेरच्या घरी भेटीला गेलो. पेगाहने चहा आणला. मी सुकामेव्याची बशी जवळजवळ संपवली, कारण हातांचं काय करावं ते कळत नव्हतं. तिची आई म्हणाली, "घ्या ना, अजून घ्या." मी अजून घेतलं.

शातेर जिवंत आहे, शहराबाहेरच्या तुरुंगात आहे. आठवड्यातून एकदा घरचं माणूस भेटू शकतं. एवढं कळलं.

१३ फरवर्दीन

हे पान मोठं होणार. आज मी चिटणीस झालो!

आजच्या दिवशी घरात थांबणं अशुभ, म्हणून अख्खं शहर नदीकाठी जेवायला जातं. गवतावर चटया, कबाबाचा धूर, आंबटगोड सरबतात बुडवून खायची सॅलडची पानं. अशा गर्दीत भट्टीवाल्यांची चार कुटुंबं शेजारी शेजारी बसली तर कोण बघतो? बागेत एरवी पाच जण जमले तरी शिपाई येतो. आज शिपाईसुद्धा बायकोमुलांना घेऊन आला होता. आमच्याकडूनच त्याने मीठ मागून नेलं.

पुरुष मंडळी सोंगट्यांच्या पटाभोवती बसली. एक जण हळूच म्हणाला, "हैबतच्या जागी कुणीतरी हवंच. नाहीतर ते म्हणतील युनियन एका माणसाची होती. नुसरत उस्ताद, तुम्हीच."

उस्तादांनी छातीवर हात ठेवला. "मी? अहो, मी कसला! माझे गुडघे बघा. एखादा तरुण, शिकलेला माणूस बघा. मी त्याच्या मागे उभा राहीन."

आता सुरू होणार ते मला माहीत होतं. आमच्याकडे ताटातला घास उचलायलाही आधी तीनदा नाही म्हणायची रीत. तारुफ! तुम्ही आधी, छे छे, तुम्हीच आधी. दारात दोन म्हातारे भेटले की तिसऱ्याला पाऊण तास आत जाता येत नाही. या तारुफनेच या देशाचं वाटोळं केलं. कुणीतरी हे एका घावात तोडायला हवं होतं.

मी उभा राहिलो. म्हणालो, "मी घेतो."

सगळे गप्प झाले. किटलीचं झाकण वाजत होतं तेवढंच. इतके भारावले होते की कुणाला शब्द सुचेना. कुणी कुणाकडे बघत होते, कुणी पटाकडे. शेवटी उस्ताद म्हणाले, "मुबारक असो, बाळा." मग टाळ्या पडल्या. एकेक करून, विचारपूर्वक.

पलीकडे बायकांच्या चटईवर पेगाह गवताच्या पात्यांना गाठ मारत होती. लग्नाच्या मुली आज अशी गाठ मारून मनात काहीतरी मागतात. मी जवळून गेलो तेव्हा तिने वर पाहिलं, आणि कितीतरी वेळ पाहतच राहिली. काहीतरी आक्रीत घडल्यासारखं.

तिला कळलं होतं तर.

१५ फरवर्दीन

चिटणीस म्हणून मला काय करायचं असतं ते उस्तादांना विचारलं. म्हणाले, "सध्या खिडकीवर नीट लक्ष दे. सुटे पैसे कमी पडतात."

गुप्ततेसाठी असणार.

२२ फरवर्दीन

आज खिडकीवर जुंपली.

बतूल खाला एकवाल्यांच्या रांगेतून एक सांगाक घेऊन गेली. थोड्या वेळाने पुन्हा तीच, डोक्यावरची चादर जरा पुढे ओढून. मग पुन्हा. तिसऱ्या खेपेला मी म्हणालो, "खाला, लाज वाटत नाही? तीन हव्या तर जास्तवाल्यांत उभ्या राहा!"

"जास्तवाल्यांत?" खाला कडाडली. "तो पुढचा बघ, पोत्यानं नेतोय! त्याच्या मागे मी म्हातारी होऊ? कियूमर्स, तुझ्या आईच्या बाळंतपणात मी होते, मला रांग शिकवतोस?"

"सगळ्यांनी असंच केलं तर?"

"मग सगळ्यांनाच एकेक दे ना! कर एकच रांग! बघू कुठवर जाते ती. सरायच्या पुलापर्यंत!"

रांगेत हशा पिकला. पेगाह होती. तीही हसली. वडिलांना उचलून नेल्यापासून पहिल्यांदा. मी तिच्याकडे पाहून हसलो. मग ती एकदम गंभीर झाली आणि म्हणाली, "उस्तादांना बोलवा."

"आज मी निवडून देतो ना."

"उस्तादांना बोलवा, आगा कियूमर्स."

माझं नाव घेतलं तिने!

२ उर्दीबेहेश्त

जळफळाट होतोय नुसता. ही वही पिठाच्या रिकाम्या पोत्यांखाली ठेवतो. उस्तादांना कळलं तर चामडी सोलतील. पण लिहिलं नाही तर मी फुटेन.

कामगार दिन अकराला. मिरवणुकीला बंदी, सभेला बंदी, बागेत जमायला बंदी. मी म्हटलं, सगळ्या भट्ट्या बंद ठेवू. शहर उपाशी राहिलं की शातेर सुटेल.

मळणीच्या खोलीत कणीक फुगत होती, आम्ही पाच जण होतो. उस्ताद कणकेवर कापड घालत म्हणाले, "उपाशी कोण राहील? गव्हर्नर? त्याच्याकडे केक आहे. सकाळी रोटी मिळाली नाही तर पहिली शिवी तुझी आई देईल. आणि संध्याकाळी टीव्हीवर सांगतील, लोकांच्या तोंडचा घास काढणारे बघा."

"मग काय करायचं? भीत भीत पीठ मळत बसायचं?"

"मळायचं. जोरात मळायचं. त्या दिवशी भट्टी बंद नाही. भट्टी चालू, पण एकच रांग. प्रत्येकी एक. दुसरी हवी तर पुन्हा मागे जाऊन उभं राहायचं. सभेला बंदी आहे, रोटीच्या रांगेला नाही."

कुणीतरी शीळ घातली.

मी विचारलं, "हे तुम्हाला सुचलं?"

"सुचलं कुणाला तरी," उस्ताद म्हणाले आणि कणकेकडे वळले.

कल्पना चांगली आहे, हे मान्य करायला मला अख्खी संध्याकाळ लागली. जोश नाही तिच्यात. घोषणा नाही, झेंडा नाही. पण मी चिटणीस आहे. चांगली कल्पना दुसऱ्याची असली तरी ती राबवायची जबाबदारी माझी.

१० उर्दीबेहेश्त

सगळ्या सांगाक भट्ट्या तयार. मालक हाजी सफदरना तापच भरला. "माझा पिठाचा कोटा तोडतील रे, मेलो मी," म्हणत घरी जाऊन झोपले. उस्ताद म्हणाले, "फार उत्तम. आजारी माणसाला कुणी काही विचारत नाही."

खिडकीवर लावायची पाटी मी लिहिली. माझा मसुदा दोन पानी होता. उस्तादांनी त्यातली एक ओळ ठेवली: "शातेर हैबत तुरुंगात आहेत, हात कमी पडतात, म्हणून आज प्रत्येकी एक."

म्हणाले, "यात खोटं काय आहे सांग. ते आले तरी हेच विचार. खोटं काय आहे?"

११ उर्दीबेहेश्त

घाईत लिहितोय, अक्षर लागलं तर लागलं.

उजाडता उजाडता पहिलं गिऱ्हाईक आलं. पाटी वाचली, मान हलवली, एक घेऊन गेलं. दुसरं वैतागलं. "सहा तोंडं आहेत घरात!" मी म्हटलं, "पुन्हा उभे राहा, आगा, वेळ लागेल पण मिळेल." तो मागे जाऊन उभा राहिला. आणि उभा राहिलेला माणूस बोलणारच. त्याने मागच्याला विचारलं, हा शातेर हैबत कोण? मागच्याने सांगितलं. त्याच्या मागच्याने आपली कहाणी जोडली, सूतगिरणीत हात तुटला म्हणून घरी पाठवलेला तो. एक नर्स होती, रात्रपाळी करून तशीच आलेली, ती म्हणाली, आमचीही युनियन होती एकदा. मी खिडकीतून सांगाक देत होतो आणि कानावर हे सगळं पडत होतं. सभेत एकच माणूस बोलतो. इथे सगळेच बोलत होते.

दुपारपर्यंत रांग चौक ओलांडून, घड्याळजीच्या दुकानावरून वळून खरंच पुलाला लागली. पलीकडच्या भट्टीची रांग पुलाच्या दुसऱ्या टोकाला आली होती. दोन्ही मिळाल्या तेव्हा कुणाला आपली शेपटी कुठली ते कळेना.

हवालदार आला. "ही गर्दी कसली?"

बतूल खाला आज सकाळपासून पाचव्यांदा रांगेत होती आणि आज कुणाची तिला बोलायची हिंमत नव्हती. ती म्हणाली, "गर्दी? डोळे फुटले का? ही रांग आहे. गर्दी तू करतोयस. जा, मागे जाऊन उभा राहा."

"खाला, मी ड्यूटीवर आहे."

"मग तुझी बायको काय खाणार, ड्यूटी?"

लोक हसले. हवालदारही ओठ दाबून हसला. साध्या कपड्यातला एक जण मघापासून रांगेच्या कडेकडेने फिरून चेहरे बघत होता. त्याला कुणीतरी दटावलं, "ए, मधे घुसतोस काय, शिकला-सवरलेला दिसतोस!" चारी बाजूंनी ओरडा झाला. बिचारा रांगेत उभा राहिला. पाऊण तासाने खिडकीशी आला. मी विचारलं, "किती?"

त्याने माझा चेहरा नीट पाहून घेतला. मग म्हणाला, "एक."

दिली. खरपूस होती.

मग गव्हर्नरच्या कचेरीचा ड्रायव्हर आला. रोज तीस नेतो, रांगेत कधीच उभा राहत नाही. गाडी चौकात सोडून थेट खिडकीवर आला. "तीस बांध."

"प्रत्येकी एक. आणि रांग तिकडे आहे."

"कुणाशी बोलतोयस कळतंय का, भडव्या?"

माझ्या डोक्यात रक्त चढलं. हातात सांगाक काढायची लोखंडी सळई होती. मी ती उचललीही असती. पण मागून कणीक आपटल्याचा आवाज आला, धप्प, मुद्दाम जोरात. उस्ताद बोलले नाहीत, फक्त आपटली. मी सळई खाली ठेवली. म्हणालो, "आगा, तुमच्या मोठ्या साहेबांना सांगा, शातेर परत आला की तीस काय, साठ देऊ. हात कमी पडतात."

तो रांगेकडे वळला. त्याला वाटलं कुणीतरी त्याला पुढे घेईल. सगळ्यांनी एकाच वेळी आभाळाकडे, बुटांकडे, पुलाकडे बघितलं. तो रिकाम्या हाताने गेला.

दुपारनंतर मान खाली घालून भराभर देत होतो. "किती" विचारायचंही सोडलं होतं. एक हात पुढे आला, बोटांना खडू लागलेला. वर पाहिलं तर बाबा.

"एक," ते म्हणाले.

मी दिली. ते निघून गेले. थोड्या वेळाने पुन्हा तोच हात. पुन्हा एक. म्हणजे पुन्हा मागे जाऊन उभे राहिले होते. रात्री जेवताना आईला म्हणाले, "तुझ्या चिरंजीवांना सांग, आजची रोटी जरा जास्त भाजली होती."

पेगाह दिवसभर रांगेत होती. पण खिडकीपर्यंत एकदाच आली. बाकी वेळ पुढे-मागे फिरत माणसांशी बोलत होती. मला पाहून हसली. थकलेलं, पण खरं हसू. आज जग जिंकलं असं वाटतंय.

१३ उर्दीबेहेश्त

बोलावणं आलं. "भट्टी कामगारांच्या तथाकथित युनियनचा चिटणीस" याने पंधराला सकाळी चौकशीसाठी कचेरीत हजर व्हावं.

त्याच्या पाठोपाठ बहराम मामा आला, पेढ्यासारखं तोंड करून. तो नगरपालिकेत आहे, सगळीकडे त्याची ओळख. आईने चहा ठेवला. मामा म्हणाला, "कियू, नशीब काढलंस. एक कागद आहे. युनियन विसर्जित केली, असं लिहिलेलं. तू सही करायची. शातेर दुसऱ्या दिवशी घरी. आणि तुझ्या कॉलेजात मी बोललोय, मेहेर महिन्यापासून वर्गात बसशील."

"माझ्या सहीने काय होतं?"

"चिटणीस तूच ना? मग तुझ्याच सहीला किंमत. बाकी कुणाची चालत नाही."

क्षणभर, खरं लिहितो, छाती फुगली. आणि लगेच आतून थंड पडलो. दोन वर्षं लोकांनी जपलेली गोष्ट माझ्या पेनाच्या टोकावर आली होती.

बाबा कोपऱ्यात वह्या तपासत होते. त्यांनी मान वर केली नाही, पण बऱ्याच वेळात पानही उलटलं नाही.

सही केली तर शातेर घरी येईल. पेगाहचा बाप. दार ती उघडेल. ते कुणामुळे आले हे तिला कळेल. मी तिला विचारणार आहे. ती म्हणेल तसं.

१४ उर्दीबेहेश्त

एका दिवसात माणसाची किती सालं निघू शकतात?

दुपारी भट्टी थंडावल्यावर पेगाहला दुकानाच्या बोळात गाठलं. सगळं सांगितलं. म्हणालो, "तुमचे बाबा दोन दिवसांत घरी येतील. तुम्ही म्हणाल तसं करीन."

ती म्हणाली, "मी म्हणेन तसं? म्हणजे हे माझ्या डोक्यावर ठेवताय?"

"नाही, मी म्हणजे..."

"बाबा यावेत असं मला वाटत नाही? आई रोज त्यांचे बूट पुसते. मला विचारलंत तर मी हो म्हणेन. मी मुलगी आहे त्यांची, मी हो म्हणेन. म्हणून मला विचारू नका! आणि बाबा आले की पहिला प्रश्न हाच करतील, सही कुणी केली. मग मी काय सांगू, माझ्यासाठी केली म्हणून?"

मी मूर्खासारखं म्हणालो, "सगळ्यांनी विश्वासाने मला निवडलंय, तर..."

"निवडलं?" तिने कपाळावर हात मारला. "अहो, उस्ताद तारुफ करत होते! अजून दोनदा आग्रह झाला की हो म्हणणार होते. शेंबड्या पोराला कळतं. तुम्ही मधेच उठून 'मी घेतो'! आता एवढ्या माणसांत तुम्हाला 'बसा खाली' कोण म्हणणार? तेही तारुफच!"

टाळ्या आठवल्या. एकेक करून, विचारपूर्वक.

"पण मग तुम्ही... रोज यायचात, सकाळ-संध्याकाळ, एकवाल्यांच्या रांगेत..."

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि तिचा चेहरा मऊ झाला. ते मऊ होणं मला ओरडण्यापेक्षा जास्त लागलं.

"निरोप असायचे, आगा कियूमर्स. आधी दुसऱ्या भट्ट्यांवरचे, मग बाबांकडून तुरुंगातून आणलेले. एकवाल्यांत पाळी लवकर येते आणि दिवसातून दोनदा आलं तरी कुणाला वावगं वाटत नाही. म्हणून तर उस्तादांना बोलवा म्हणायचे."

"आणि एकेक देण्याची कल्पना?"

"ती बतूल खालाची. मी फक्त आत पोचवली."

मी भिंतीला टेकून उभा राहिलो. ती म्हणाली, "पण त्या दिवशी तुम्ही सळई खाली ठेवलीत. ते मी बाबांना सांगितलं." आणि गेली.

आत आलो तर उस्ताद माझी वाट बघत स्टुलावर बसले होते. म्हणाले, "बाळा, हे ओझं तुझं नव्हतं. चूक माझी. सत्तरीला आलो तरी सरळ हो म्हणता येत नाही. तू आज सोड, उद्या मी जातो. गुडघे चालतील तेवढे."

"नाही, उस्ताद."

"जातो मी. मला सवय आहे."

"नाही."

"तिसऱ्यांदा विचारतो, कियू. मनापासून विचारतो."

"नाही. आणि हे तारुफ नाही." मी त्यांच्यासमोर उकिडवा बसलो. "बोलावणं आल्यावर चिटणीस बदलला तर ते म्हणतील, बघा, पळाले. आणि तुम्ही आत गेलात तर मागे काय उरेल? सगळं तुमच्याकडे आहे. कोण कुठे, कुणाचा निरोप कुणाला. मला काय माहीत आहे? सुटे पैसे कमी पडतात, एवढंच! मला उलटं टांगलं तरी दुसरं काही पडणार नाही. माझ्यापेक्षा चांगला चिटणीस त्यांच्यासमोर बसवायला मिळणार नाही तुम्हाला."

उस्ताद आधी हसले. मग डोळे पुसताना पीठ सगळ्या तोंडाला लागलं. मग विचारलं, "आणि सही?"

"करणार नाही."

"हैबत आतच राहील मग. कदाचित तूही."

"माहीत आहे."

कॉलेजात हमीपत्र फाडलं तेव्हा मला कसं आभाळाएवढं वाटलं होतं. आज तसं काही वाटत नाही. पण ठरलंय, आणि पुन्हा ठरवायला लागत नाहीये.

१५ उर्दीबेहेश्त

कचेरीसमोरच्या बाकावर बसून लिहितोय. बाकाच्या दुसऱ्या टोकाला बाबा बसलेत. सकाळी बूट घालून दारात उभे होते. मी म्हटलं, कुठे निघालात? ते आईला म्हणाले, "तुझ्या चिरंजीवांना सांग, मला आज शाळेला सुट्टी आहे." सुट्टी नाहीये. ही वही त्यांच्याकडे देणार आहे. त्यांनी हात पुढे करून ठेवलाय, बघत मात्र दुसरीकडे आहेत. लवकर आटपतो.

मी जाणार म्हणजे खिडकी रिकामी. काल संध्याकाळीच विचारात होतो कुणाला बसवायचं. सकाळी दुकानावरून आलो तर खिडकीत पेगाह. चादर मानेमागे बांधलेली, बाह्या वर, सळई हातात. तापातून उठलेले हाजी सफदर शेजारी उभे राहून कुजबुजत होते, "पोरी, बाईमाणूस खिडकीवर, लोक काय म्हणतील, मला ठेवतील का..." ती म्हणाली, "हाजी आगा, तुमचा ताप गेला का? नाहीतर घरी जाऊन झोपा." आतून उस्तादांनी कणीक आपटली. हाजी घरी गेले.

दोन रांगा होत्या, नेहमीच्या. मी एकवाल्यांत उभा राहिलो. पुढच्या एकाने ओळखलं, वाट द्यायला लागला, "या ना, तुम्ही आधी." मी मान हलवली. वेळ लागला. भीती वाटत होती, ती रांगेत कमी झाली नाही, पण पुढच्याच्या पाठीकडे बघत राहिलं की ती फार पसरत नाही.

मनात वाक्य जुळवत होतो. तिला काय म्हणायचं, ती काय म्हणेल. खिडकीशी पोचलो. तिच्या कपाळावर पीठ होतं. तिने माझ्याकडे पाहिलं, नीट पाहिलं.

"किती?"

"एक."

तिने आत वळून स्वतः निवडली. कडेला तांबूस झालेली, चिकटलेले खडे दोन झटक्यांत झाडून टाकले, आणि माझ्या हातात दिली. गरम होती. मी वाट बघत उभा राहिलो, एक शब्द तरी येईल म्हणून.

"पुढचे!" ती म्हणाली.

मी बाजूला झालो. माझ्या मागे खूप माणसं होती, आणि ती माणसं एकेक पाऊल पुढे सरकली.